घरी इलेक्ट्रिक सौना बसवतोय (बडोदे) : हीटर लावण्याआधी काय काय तपासून घेऊ?

गोत्रीची_मंजिरी
नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला उत्तर देता येणार नाही.

गोत्रीला आमचं टेनामेंट आहे, १९९८ चं बांधकाम. पहिल्या मजल्यावर बाथरूमला लागून कोठीची खोली आहे, ६ फूट बाय ५ फूट. धाकटे दीर बरीच वर्षं फिनलंडमध्ये टाम्परेला असतात. गेल्या डिसेंबरात आम्ही दोघं आणि सासूबाई महिनाभर त्यांच्याकडे राहून आलो. त्यांच्या इमारतीच्या तळघरात सगळ्यांचा मिळून एक सौना (हीटरने दगड तापवून गरम हवेत घाम काढत बसायची लाकडी खोली) आहे, दर शनिवारी तासभर दिरांची पाळी. पहिल्या शनिवारी सासूबाई म्हणाल्या, "मी नाही बाई त्या भट्टीत बसायची." तिसऱ्या शनिवारी त्या आमच्याआधी टॉवेल घेऊन दारात उभ्या. गुडघे मोकळे वाटतात म्हणाल्या, आणि त्या रात्री शांत झोपल्या. दोन वर्षांत त्यांना तसं झोपलेलं मी पाहिलं नव्हतं.

दिरांनी आता तिकडून ६ किलोवॅटचा भिंतीवर लावायचा हीटर पाठवलाय. सोबत २० किलो दगडांचं खोकं. ते खोकं उचलताना कुरिअरवाल्या मुलाने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की त्याला आधी सरबत दिलं.

आता अडचण. आमचा नेहमीचा लाइटवाला म्हणतो, "बेन, गीझरचा सोळा अँपियरचा पॉइंट आहेच, त्यावर लावून देतो, अर्ध्या तासाचं काम." मला हे पटत नाहीये. घराचा मंजूर लोड ४ किलोवॅट, सिंगल फेज. दोन एसी आहेत. सुतार सोमवारपासून यायला तयार आहे. कुणी असं काम केलंय का? कुठून सुरुवात करू?

वाडीचा_वायरमन
मंजिरीताई, सुताराला आजच फोन करून थांबवा. लाकूड शेवटी.

३४ वर्षं हेच काम केलं, परवाना अजून जिवंत आहे. हिशेब साधा आहे. ६००० वॅट भागिले २३० म्हणजे २६ अँपियर. सोळाच्या प्लगमधून सव्वीस, आणि तेही दोन मिनिटं नाही, सलग तासभर. आधी प्लगची पिन तापेल, मग सॉकेटच्या आतली पितळी पट्टी ढिली पडेल. पकड ढिली झाली की आणखी तापेल. माशासारखा कुबट वास घरात आला तर समजायचं, बॅकेलाइट भाजतंय. असे सॉकेट मी किती काढलेत त्याचा हिशेब नाही. मागची वायर हातात घेतली की तिचं आवरण पापडासारखं मोडतं.

या हीटरला प्लग नसतोच. बोर्डापासून थेट स्वतंत्र लाइन, तिला स्वतंत्र एमसीबी (जास्त करंट गेला की आपोआप पडणारा स्विच), आणि खोलीच्या बाहेर हाताला येईल असा आयसोलेटर. तो बंद केला की सगळे फेज आणि न्यूट्रल, सगळंच तुटलं पाहिजे.

दुसरं म्हणजे लोड. ४ किलोवॅटच्या जोडणीवर ६ चा हीटर आणि दोन एसी बसत नाहीत. गुजरातेत सिंगल फेज जोडणी ६ किलोवॅटपर्यंतच मिळते. तुमचं सगळं मिळून दहाच्या पुढे जाईल, म्हणजे थ्री फेजचा अर्ज करा. त्याला वेळ लागतो, म्हणून तो पहिला. थ्री फेजवर तोच हीटर प्रत्येक फेजमधून पावणेनऊ अँपियर घेईल. वायरही सुखी, तुम्हीही सुखी.

रावपुरेकर
बडोद्यात मे महिन्यात ४३ डिग्री असतं. कोठीचं दार लावून घ्या, झाला सौना. लाइट बिलही शून्य. :)

(गंमत केली हो. प्रश्न चांगला आहे, वाचतोय.)

गोत्रीची_मंजिरी
@रावपुरेकर, हे मी घरी तीन जणांकडून ऐकलंय, तुम्ही चौथे!

@वाडीचा_वायरमन काका, मनापासून आभार. सुताराला थांबवलं. हीटरच्या पुस्तिकेत २३० चं एक चित्र आहे आणि ४०० चं एक. म्हणजे दोन्हीवर चालतो ना?

वाडीचा_वायरमन
चालतो, पण आतल्या टर्मिनलवरच्या पितळी पट्ट्या दोन्हीकडे वेगवेगळ्या लागतात. आत २ किलोवॅटचे तीन एलिमेंट असणार. सिंगल फेजला तिन्हींची तोंडं एकत्र जोडतात. थ्री फेजला प्रत्येकाला एक फेज आणि दुसरं टोक न्यूट्रलवर, म्हणजे स्टार. पुस्तिकेतलं ते पान झेरॉक्स काढून लाइटवाल्याच्या हातात द्या. "मला माहीत आहे" म्हणणाऱ्याला तर दोन प्रती द्या.

इंदूर_राजवाडा
काकांच्या शेवटच्या वाक्याला शंभर वेळा +१. इंदूरहून लिहितोय. आमच्या मेव्हण्यांनी दोन वर्षांपूर्वी घरी असाच हीटर बसवला. फिटिंग करणाऱ्या माणसाने मोटारी जोडण्यात आयुष्य घालवलेलं. त्याने सवयीने तीन फेज तीन टर्मिनलवर लावले आणि डेल्टा करून टाकला, म्हणजे प्रत्येक एलिमेंट दोन फेजच्या मध्ये. न्यूट्रल लावलाच नाही. प्रत्येक एलिमेंटवर २३० ऐवजी ४०० च्या वर व्होल्ट. व्होल्टेज पावणेदोनपट झालं की उष्णता तिप्पट होते. ६ किलोवॅटचा हीटर १८ किलोवॅट ओढायला लागला.

मी तिथे होतो. चार मिनिटांत दगडांच्या खालून नारिंगी उजेड दिसायला लागला. सगळ्यांना वाटलं, वा, काय झकास तापतोय! मग एमसीबी पडला. नशीब तो बरोबर मापाचा होता. त्या माणसाने काय केलं असेल? "एमसीबी कमजोर आहे, मोठा टाकू." मेव्हण्यांनी तिथेच काम थांबवलं आणि दुसऱ्या माणसाला बोलावलं. एक एलिमेंट तोवर गेला होता, तो परदेशातून मागवायला दोन महिने.

त्या दुसऱ्याने दाखवलेली युक्ती सांगतो. जोडण्याआधी मल्टिमीटरने प्रत्येक एलिमेंटचा रोध मोजा. २ किलोवॅटच्याला साधारण २६ ओहम यायला हवा. तिन्ही सारखे हवेत. वही काढून लिहून ठेवा, पुढे कधी कमी तापायला लागला तर कोणता गेला ते लगेच कळतं.

मोतीबाग_ग्वाल्हेर
ग्वाल्हेरला घरी स्टीम बसवलंय, सौना नाही, त्यामुळे गप्प होतो. पण स्टीम आणि सौनात लोक फार गल्लत करतात. स्टीमच्या खोलीला टाइल्स, ४०-४५ डिग्री, पण भिंती घळाघळा ओल्या. सौना लाकडाचा, ७०-९० डिग्री, पण हवा कोरडी. पाणी दगडांवर टाकाल तेवढीच वाफ. आम्हाला एका दुकानदाराने सांगितलं होतं, "एकाच खोलीत दोन्ही करून देतो." त्याच्या नादी लागलो नाही ते बरं झालं.

बर्फातला_मराठी
मी एस्पोला असतो, हेलसिंकीच्या शेजारी. या देशात माणसं सुमारे ५५ लाख आणि सौना ३० लाखांच्या वर. २०२० मध्ये युनेस्कोने इथली सौना संस्कृती आपल्या अमूर्त वारशाच्या यादीत घेतली. आमच्या घरातला सौना मी स्वतः दोनदा उघडून पुन्हा बांधलाय, म्हणून खोलीबद्दल लिहितो. विजेचं वायरमनकाकाच सांगोत.

आधी खोलीचं माप. मंजिरीताई, छत किती उंचीवर घेताय? साडेनऊ फुटांचं मूळ छत तसंच ठेवलंत तर सगळी गरम हवा वर जाऊन बसेल आणि खाली तुमचे पाय गार. ७ फुटांवर खोटं छत घ्या. मग ६ × ५ × ७ म्हणजे २१० घनफूट, जवळजवळ ६ घनमीटर. ढोबळ नियम असा की घनमीटरला १ किलोवॅट. ६ चा हीटर बरोब्बर.

पण काच आणि उघडी वीट उष्णता पितात. अशा प्रत्येक चौरस मीटरला हिशेबात १.२ घनमीटर वाढवतात. काचेचं दार लावलंत तर साधारण सव्वा घनमीटर वाढेल, ते चालेल. पण एखादी विटांची भिंत "छान दिसते" म्हणून उघडी ठेवलीत (५ × ७ ची भिंत म्हणजे सव्वातीन चौरस मीटर) तर जवळजवळ ४ घनमीटर आणखी. मग हिशेब अकराच्या वर जातो आणि ६ चा हीटर रडत बसतो. लोक म्हणतात हीटर खराब, पण तो बिचारा भिंत तापवत असतो.

म्हणून चारही भिंतींना ५० मिलिमीटर रॉकवूल (उष्णता अडवणारी दगडी लोकर), छताला १००. त्यावर अ‍ॅल्युमिनियमची फॉइल, चमकती बाजू आत, सगळे सांधे फॉइलच्याच टेपने बंद. मग उभ्या पट्ट्या मारून बोटभर हवेची पोकळी, आणि त्यावर लाकूड.

थर्माकोल अजिबात नको! सौनाच्या गरम हवेत तो मऊ पडतो, आणि पेटला तर त्याचा धूर जीव घेतो.

सुतारपक्षी_मांजलपूर
लाकडाचा विषय आला म्हणून. मंजिरीताईंचा सुतार काय लावणार आहे?

गोत्रीची_मंजिरी
तो म्हणतो प्लायवर सागाचं व्हिनियर, वर मेलामाइन पॉलिश. "एकदम हॉटेलसारखं."

सुतारपक्षी_मांजलपूर
नको हो! प्लायच्या थरांत चिकट द्रव्य असतं. ८० डिग्रीत ते सुटेल, वास येईल, डोळे चुरचुरतील. पॉलिशचंही तेच. आतून कुठेही व्हार्निश नाही, मेलामाइन नाही. नुसतं रंधलेलं लाकूड, हात फिरवला तर कुसळ लागणार नाही इतकं घासलेलं.

देवदार मिळाला तर घ्या, आपल्या बाजारात मिळतो. चीड स्वस्त, पण गाठीगाठीतून राळ गळते, आणि गरम राळेचा थेंब पाठीवर पडला की ओरडाल. बाकासाठी गाठी नसलेली फळी निवडून घ्या. आणि खिळे, स्क्रू खालच्या बाजूने मारायला सांगा. वर दिसणारी स्क्रूची डोकी तापतात. माझ्या एका गिऱ्हाइकाच्या मांडीवर दोन गोल डाग अजून आहेत. ते काम माझं नव्हतं, पण दुरुस्तीला मलाच बोलावलं होतं.

दार बाहेरच उघडलं पाहिजे. कडी नाही, बोल्ट नाही, लॅच नाही. मॅग्नेट किंवा रोलर कॅच. आतल्या माणसाला चक्कर आली आणि तो दारावर कलंडला तरी दार उघडलं पाहिजे.

रावपुरेकर
हे दाराचं वाचून अंगावर काटा आला. आमच्या बाथरूमच्या दारालाच तीन कड्या आहेत.

बर्फातला_मराठी
@सुतारपक्षी, अगदी बरोबर. इथे दाराचा नियम लहान मुलांनाही पाठ असतो.

हवेबद्दल एक राहिलं. खोली घट्ट बंद करायची नाही. हीटरजवळ खाली ताज्या हवेचं भोक, आणि समोरच्या भिंतीत वापरलेली हवा बाहेर जायला दुसरं. हवा तासाला सहा वेळा बदलली पाहिजे. पण ताज्या हवेचा झोत हीटरच्या सेन्सरवर येऊ देऊ नका. सेन्सरला गार वारा लागला की त्याला वाटतं खोली गार आहे, आणि हीटर तापवतच राहतो. सेन्सरमध्येच जास्त तापल्यावर वीज तोडणारी सोय असते. ती फसली तर काय उरलं? सेन्सर पुस्तिकेत दाखवलाय तिथेच लावा, दोन इंचही इकडेतिकडे नाही.

पोलो_ग्राउंड
आमच्याकडे क्लबमध्ये आहे. तिथे हीटरला आरसीसीबी (वीज गळायला लागली की लगेच लाइन तोडणारा स्विच) लावलेली नाही. मी विचारलं तर सांगितलं, "लावली की सारखी पडते, म्हणून काढली." हे बरोबर आहे का? मला तर धक्काच बसला. आजकाल घरातल्या मिक्सरलाही आरसीसीबीचं संरक्षण असतं.

वाडीचा_वायरमन
माझं मत स्पष्ट आहे. ३० मिलिअँपियरची आरसीसीबी हवीच. ओली माणसं, उघडी अंगं, पाण्याची बादली. पडते म्हणून काढली हे उत्तर नाही. का पडते ते शोधा.

बर्फातला_मराठी
काका, तुमच्याबद्दल आदर ठेवून असहमत आहे. इथल्या कंपन्यांच्या पुस्तिकांत सरळ लिहिलेलं असतं की हीटरची लाइन आरसीसीबीतून देऊ नका. आंतरराष्ट्रीय प्रमाण आयईसी ६०३६४ च्या ७०३ क्रमांकाच्या भागात सौनाच्या खोलीतल्या बाकी सगळ्या सर्किटांना ३० मिलिअँपियरचं संरक्षण सांगितलंय, फक्त हीटरला सूट आहे.

कारण असं. एलिमेंटच्या नळीत तारेभोवती मॅग्नेशियम ऑक्साइडची पूड ठासलेली असते. ती हवेतला ओलावा शोषते. हीटर चार महिने खोक्यात पडला की थोडी गळती दिसणारच. दोनतीनदा तापला की ओलावा उडतो आणि गळती जाते.

वाडीचा_वायरमन
पूड ओलावा पिते हे मान्य, गीझरच्या एलिमेंटचंही तेच होतं. पण इथलं अर्थिंग तिथल्यासारखं असतं का हो? तुमच्याकडे सूट देताना अर्थिंग पक्कं आहे असं धरलेलं आहे. इथे निम्म्या जुन्या घरांत अर्थची हिरवी वायर बोर्डापर्यंत येते आणि पुढे कुठे जाते ते देवाला ठाऊक. एकदा रावपुऱ्यात एका घरात ती मी नळाच्या पाइपला बांधलेली पाहिली. पाइप नंतर प्लास्टिकचा झालेला!

पोलो_ग्राउंड
मग आता मंजिरीताईंनी करायचं काय? दोन जाणते दोन दिशांना.

वाडीचा_वायरमन
रात्रभर विचार केला. एस्पोच्या भाऊंचा मुद्दा मी खोडून काढू शकत नाही, कंपनीच लिहिते म्हटल्यावर. म्हणून क्रम असा ठेवा.

आधी अर्थिंग. हीटरसाठी नवा खड्डा, तांब्याची पट्टी, थेट बोर्डाला. अर्थ टेस्टरने मोजायचं. बल्ब लावून "बघा पेटला" ही चाचणी नाही. आणि मोजायचं ते मे महिन्यात. आपली काळी माती पावसाळ्यात ओली असते तेव्हा कुठलंही अर्थिंग चांगलंच दिसतं. मेमध्ये माती तडकते तेव्हाचं रीडिंग खरं. ते ५ ओहमच्या आत हवं, दोनतीन आलं तर उत्तम.

मग मेगर, म्हणजे वीज बॉडीत गळत नाही ना ते मोजायचं मीटर. ५०० व्होल्टचा मेगर लावून हीटरच्या टर्मिनलपासून बॉडीपर्यंत मोजा. कमी आलं तर पहिल्यांदा माणूस आत नसताना, दार उघडं ठेवून, मी किंवा कुणी परवानाधारक समोर उभा असताना तापवायचा. गार झाल्यावर पुन्हा मोजायचं. वर गेलं तर ओलावाच होता. नाही गेलं तर एलिमेंट बाद.

आणि आरसीसीबी? घरातल्या बाकी सगळ्या लाइनींना, सौनातल्या दिव्यालाही, ३० ची. हीटरच्या लाइनीबद्दल पुस्तिकेत असेल ते करायचं आणि जो ठेकेदार सही करणार त्याच्याकडून लेखी घ्यायचं. मेगर चांगला आल्यावरही मला तिथे आरसीसीबी लावावीशी वाटेल, हे माझं मन झालं. सही करणाऱ्याचं ऐका.

बर्फातला_मराठी
काका, हा क्रम मी इथल्या मित्रांनाही सांगेन. मेमधल्या रीडिंगचं मला कधी सुचलं नसतं. इथे जमीन गोठते, तडकत नाही.

वायरबद्दल दोन गोष्टी. हीटरला शेवटी जोडायची केबल रबराची घ्या. साधी पीव्हीसी उष्णतेने कडक होऊन तडकते, पुस्तिकेत तिला सरळ मनाईच असते. ज्या जंक्शन बॉक्समध्ये ती जोडाल तो जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत, पाणी न शिरणारा. खोलीत खाली उष्णता कमी असते म्हणून. १ मीटरच्या वर आत जे काही लावाल ते १२५ डिग्री सोसणारं हवं, आणि तिथली वायर १७० डिग्रीची, म्हणजे सिलिकॉनची. खोलीत स्विच नाही, सॉकेट नाही. दिवा हीटरच्या डोक्यावर नाही, बाकाच्या मागे खाली.

विश्वामित्रीकाठ
"जंक्शन बॉक्स जमिनीपासून अर्ध्या मीटरच्या आत" हे वाचून राहवलं नाही.

मी समा भागात राहतो. ऑगस्ट २०२४ मध्ये विश्वामित्री ३५ फुटांच्या वर गेली तेव्हा आमच्या तळमजल्यावर साडेतीन फूट पाणी होतं, तीन दिवस. मेन बोर्ड चार फुटांवर होता म्हणून वाचला. पण खालचे सगळे सॉकेट, इन्व्हर्टर, वॉशिंग मशीन, सगळं गेलं. पाणी ओसरल्यावर शेजारच्यांनी सॉकेट पुसून लाइट चालू केली. भिंतीतल्या पाइपांत पाणी तसंच होतं. त्यांच्या मुलाला फ्रिजच्या हँडलला झटका बसला. वाचला. पण तो आवाज मी ऐकलाय.

मंजिरीताई, तुमची खोली पहिल्या मजल्यावर आहे हे फार चांगलं. पण लाइन खालच्या मेन बोर्डावरून जाणार ना? तो बोर्ड किती उंचीवर आहे? नव्या थ्री फेजसाठी बोर्ड बदलणारच आहात तर तो वर सरकवून घ्या. अर्थचा खड्डा पाण्याखाली गेला तर बिघडत नाही. बोर्ड गेला तर सगळंच गेलं.

रावपुरेकर
त्या आठवड्यात आमच्या गल्लीच्या तोंडाशी मगर आली होती. पाहिली तेव्हा ती ओट्यावर ऊन खात पडलेली. तिलाही गुडघे शेकायचे असतील. :)

विश्वामित्रीकाठ, तुमचं वाचून खाली जाऊन आमचा बोर्ड मोजला. अडीच फूट. या रविवारी लाइटवाल्याला बोलावतोय.

गोत्रीची_मंजिरी
आमचा बोर्ड तीन फुटांवर आहे. जिन्याजवळ साडेपाच फुटांवर घेते. हे मला सात जन्मांत सुचलं नसतं.

डॉ_अलकापुरी
बराच वेळ वाचतेय. विजेचं झालं, आता बसणाऱ्या माणसांचं.

फिनलंडमधल्या कुओपिओ भागात २३१५ मध्यमवयीन पुरुषांवर सुमारे २० वर्षं नजर ठेवून केलेला अभ्यास २०१५ मध्ये प्रसिद्ध झाला. जे जास्त वेळा सौना घेत त्यांच्यात हृदयविकाराने अचानक येणारे मृत्यू कमी आढळले. पण ती माणसं लहानपणापासून सवयीची. सौनामुळेच तसं झालं, असं त्यातून सिद्ध होत नाही. आणि त्यावरून सत्तरीच्या बाईंनी पहिल्याच दिवशी ९० डिग्रीत बसावं असं तर मुळीच नाही. गुडघ्यांची झीज सौनाने भरून येत नाही. ऊब मिळाली की स्नायू सैल पडतात, बरं वाटतं, झोप लागते. तेवढंही कमी नाही.

सासूबाईंना रक्तदाबाची गोळी आहे का? शेकाने रक्तवाहिन्या पसरतात, दाब उतरतो, आणि गोळीही दाब उतरवते. उठून उभं राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते. पडणं तिथेच होतं. खालच्या बाकावर, ६० डिग्री, ८-१० मिनिटं, शेजारी कुणीतरी. उठण्याआधी दोन मिनिटं बसून पाय हलवायचे. आधी आणि नंतर पाणी, चिमूटभर मीठ घातलेलं ताक उत्तम. नुकताच हार्ट अटॅक आलेला, छातीत दुखतंय, ताप आहे, दारू घेतलीय, अशांनी बसायचं नाही. गरोदर बाईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाही. मधुमेहामुळे ज्यांच्या पायांची संवेदना गेली आहे त्यांनी हीटरपासून दूर, त्यांना भाजलेलं कळत नाही.

कोण जास्त वेळ बसतो अशा पैजा मुलांना लावू देऊ नका. फिनलंडमध्येच हाइनोला इथे ११० डिग्रीत बसण्याची जागतिक स्पर्धा भरत असे. २०१० मध्ये अंतिम फेरीत एक स्पर्धक दगावला आणि ती कायमची बंद झाली.

गोत्रीची_मंजिरी
हो डॉक्टर, रक्तदाबाची गोळी आहे. त्यांच्या डॉक्टरांना विचारूनच पुढे जाते. तुमचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. ताकाचं ऐकून खूश झाल्या.

इंदूर_राजवाडा
दगडांचं कुणी लिहिलं नाही. दिरांनी पाठवलेलेच वापरा. नर्मदेचे गुळगुळीत गोटे सुंदर दिसतात म्हणून आमच्या मेव्हण्यांनी आणले होते. नदीच्या दगडात बारीक भेगांतून पाणी मुरलेलं असतं. तापला आणि फटकन फुटला, तुकडा समोरच्या लाकडात रुतला. दगड आधी धुवा. मोठे खाली, छोटे वर, आणि सैल रचा, मधून हवा फिरली पाहिजे. एलिमेंटच्या मध्ये घुसवून ठासू नका.

बर्फातला_मराठी
+१. आणि वर्षातून एकदा सगळे काढून पुन्हा रचा, भुगा झालेले फेका.

सगळ्यात महत्त्वाचं शेवटी आठवलं. इथे घरगुती सौनाच्या आगींमागचं नेहमीचं कारण वायरिंग नसतं. हीटरवर वाळत टाकलेला टॉवेल असतो, किंवा सौना वापरात नाही म्हणून त्यात ठेवलेली खोकी, आणि चुकून फिरलेला टायमर. तुमची खोली मुळात कोठीची आहे. उद्या पुन्हा कोठी होऊ देऊ नका. मोबाइलवरून चालू करायची सोय लावलीत तर दाराला स्विच हवाच. दार मध्ये उघडलं गेलं असेल तर हीटर लागणार नाही, असा.

पोलो_ग्राउंड
बिल किती येईल?

वाडीचा_वायरमन
तापायला पाऊण तास, बसायला अर्धा-पाऊण तास, त्यात थर्मोस्टॅट मधून मधून बंद करणार. एका वेळेला सात-आठ युनिट धरा. आठवड्यातून एकदा म्हणजे महिन्याला तीसेक.

गोत्रीची_मंजिरी
मंडळी, सात आठवड्यांनी परत आलेय. धागा वर काढते.

थ्री फेज मिळालं. मीटर बदलण्याच्या दिवशी एका माणसाने सर्व्हिस केबलला उघडा जोड देऊन वर नुसती टेप गुंडाळली होती. वायरमनकाका स्वतः बघायला आले होते (हो, खरंच वाडीहून स्कूटरवर आले!), त्यांनी ती टेप उलगडून दाखवली आणि वायरच्या टोकाला धातूचा लग दाबून पक्का (क्रिंप) करून घेतला. बोर्ड साडेपाच फुटांवर गेला. अंगणात तुळशीच्या पलीकडे अर्थचा नवा खड्डा. २८ मे रोजी रीडिंग २.४ ओहम.

मेगर पहिल्यांदा फक्त ०.६ मेगाओहम आला. मी घाबरले. काका म्हणाले, चार महिने खोक्यात होता, थांबा. तोवर सुताराने रॉकवूल, फॉइल आणि देवदार पूर्ण केलं होतं. दार सताड उघडं ठेवून, आत कुणी नाही, काका बाहेर खुर्ची टाकून बसले आणि तासभर तापवला. पहिली वीस मिनिटं जुन्या तेलासारखा वास, थोडा धूर, मग थांबला. रात्री गार झाल्यावर मोजलं तर ४० च्या वर. ठेकेदाराने पुस्तिकेप्रमाणे हीटरची लाइन वेगळी ठेवली आणि तसं लिहून दिलं. बाकी सगळ्या घराला ३० ची आरसीसीबी.

आणि परवा सासूबाई बसल्या. खालचा बाक, ६० डिग्री, मी शेजारी. त्यांनी स्वतः पितळी पळीने दगडांवर पाणी टाकलं. चर्र झालं, वाफ वर जाऊन हळूच खांद्यांवर उतरली, देवदाराचा वास आला. त्या डोळे मिटून म्हणाल्या, "आपल्या शेणीच्या चुलीवर दिवाळीला पाणी तापायचं ना, त्या न्हाणीघरात असंच वाटायचं." नऊ मिनिटांनी बाहेर आलो. ताक प्याल्या. रात्री साडेनऊला झोपल्या त्या सकाळी सहाला उठल्या.

वाडीचा_वायरमन
महिन्याभराने सगळे टर्मिनल पुन्हा आवळायचे आहेत. तापून-गार होऊन तांबं सैल पडतं. मी येतो, पिशवीत पेचकस घेऊनच येतो.

रावपुरेकर
अभिनंदन! पाहुण्यांची पाळी कोणत्या वारी?

गोत्रीची_मंजिरी
शनिवारी संध्याकाळी सहाला, काकांचं आवळून झाल्यानंतर. टॉवेल आपापला आणा. वाळत घालायला अगाशीवर दोरी बांधली आहे.